चार बोटं कागद

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील की धाकट्याला फोन करायला काय झालं होतं. फोन केला की तुझ्या मागे तीस शिलाई मशिनं चालू असतात आणि तू नुसतं बरं, बरं म्हणतेस. हे प्रकरण बरं-बरंवर सुटणारं नाही, म्हणून दुकानाला कुलूप लावून लिहायला बसलो.

इकडे बाकी ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमी. तुझी भावजय औषधांच्या दुकानात आठ तास उभी राहून घरी येते आणि मी बसलेला दिसलो की चिडते. थोरलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, त्यामुळे घरात कुणी दोन मिनिटं स्वस्थ बसला की ती त्याचं ब्लडप्रेशर मोजते. काळजी आहे ती धाकट्या लेकीची. लहानपणी जमिनीला नाक लावून बसायची म्हणून तूच तिला मुंगी म्हणायला लागलीस. आता तेरा वर्षांची झाली तरी नाव तेच आणि नाकही तिथेच.

डिसेंबरात तिनं एक चित्र काढलं. तू पाठवतेस त्या जाड कागदावर, पेन्सिलनं. रविवारची सकाळ, सगळे घरात, आणि आपल्या दारात काढून ठेवलेल्या चपला-बुटांची ओळ. गुंडाळी करून दुकानात आणून दिली. ताई, आईच्या सपाता बघून मला आईच्या पावलांचा आवाज आला. मी तिथल्या तिथे ठरवलं की याला साधी फ्रेम करायची नाही. अण्णांची अक्रोडाची पट्टी तुला आठवत असेल. अण्णा गेल्यापासून ती माळ्यावर होती. असंच काही मोलाचं आलं की लावू, म्हणून मी तिला हात लावला नव्हता. ती उतरवली. चांगली काच घातली. दुकानाच्या दर्शनी खिडकीत अगदी मधोमध टांगलं आणि घरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून पोरीनं पेन्सिल हातात धरलेली नाही. आज सात आठवडे झाले. आई रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला थांबवून चित्र दाखवते. तुझ्या भावजयीनं तिच्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं. मी छत्तीस रंगांची पेटी आणली, तिचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. तिच्या चित्रकलेच्या बाई सांगून गेल्या की चित्रशाळेच्या शनिवारच्या वर्गासाठी मार्चअखेर पाच चित्रं द्यायची आहेत, आणि ही पोरगी त्यांना म्हणाली की माझ्याकडे एकही नाही. आम्हाला विचारलं तर म्हणते, अभ्यास आहे.

कौतुकात आम्ही काही कमी केलं असं मला तरी वाटत नाही. तुझं ती ऐकते. तू तिला लिही.

लोभ आहेच. तो माझ्या वाट्याचा थोडा मुंगीकडे वळवलास तरी चालेल.

तुझा,
धाकटा


दि. ९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

अभ्यास आहे असं तू म्हणतेस, असं कळलं. आमच्या घरात कुणी अभ्यास आहे म्हटलं की अण्णा आधी कपाळाला हात लावून ताप बघायचे. मी एवढ्या लांबून हात लावू शकत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

माझी बातमी अशी की तुझी आत्या, जी अठ्ठावीस वर्षं शाळेचे गणवेश बेतते, तिनं परवा एका गठ्ठ्यात साठ बाह्या कापल्या आणि साठच्या साठ डाव्या. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी एक बाही उचलून आपल्या उजव्या हातात घातली, थोडा वेळ फिरवून बघितली आणि परत ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं. आता पुढच्या गठ्ठ्यात साठ उजव्या कापून मी भरपाई केली आहे, पण शिवणाऱ्या बायका अजून मला बघितलं की उजवा हात पाठीमागे लपवतात.

चित्र काढ असं मी तुला सांगणार नाही. ते सांगणारे तुझ्या घरात चार जण आहेत, आणि आजी एकटीच चौघांच्या बरोबरीची आहे. पण काही झालं असेल आणि सांगावंसं वाटलं तर सांग. माझ्या पोटात गोष्ट राहते हे तुला माहीत आहे. दुकानातली ती मोठी काच कुणी फोडली, हे अजून तुझ्या बापाला कळलेलं नाही. तो बिचारा मांजरावर डूख धरून आहे.

नीट जेव. आजीच्या गुडघ्याला तेल लावताना तिची बडबड ऐकत जा, त्यातही काही कामाचं असतं.

तुझी, दोन्ही बाह्या शाबूत असलेली,
आत्या


दि. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझ्या पत्रातला बाह्यांचा भाग तेवढा आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली की तू लहानपणी फ्रॉकही उलटा घालायचीस. काचेचा भाग वाचला नाही.

आत्या, मी सांगते, पण बाबांना सांगू नकोस.

चित्रात डावीकडून आधी आजीच्या सपाता आहेत. मग आईचे मऊ तळव्याचे बूट, मग आमच्या ताईचे पांढरे बूट, मग माझे, एकाचा बंद लोंबणारा. त्याच्यापुढे बरीच रिकामी फरशी. आणि मग अगदी उजव्या कडेला, उंबऱ्याला लागून, बाबांच्या चपला. बाबा सगळ्यांच्या शेवटी घरी येतात आणि सगळ्यांच्या आधी निघतात, म्हणून त्यांच्या चपला ओळीत नसतात. बाहेर तोंड करून असतात. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी फ्रेमा टांगायच्या पितळी तारेनं बांधला होता. ती तार काढायला मला चार दिवस लागले. बाकी सगळं चित्र मिळून तीन दिवसांत झालं होतं.

फ्रेम झाली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मी बघितलं तर चित्र माझ्या बुटांपुढच्या रिकाम्या फरशीवरच संपत होतं. उंबरा नव्हता, बाबांच्या चपला नव्हत्या. कापल्या होत्या. मला वाटलं कुणीतरी म्हणेल. आजी म्हणाली सपाता किती छान आल्यात, आई म्हणाली बूट छान आलेत. सगळ्यांना आपापलं सापडलं. मग पोस्टमनकाका आले. ते म्हणाले की वा, चार माणसांचं घर. बाबा आत गोंद लावत होते, ते तिथूनच हो म्हणाले.

त्याच आठवड्यात बाबांनी नव्या चपला आणल्या. तेव्हा मला समजलं. दुकानाच्या खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तार बांधलेली चप्पल त्यांना नको असणार. त्यांना लाज वाटली असेल. मी ते लाज वाटण्यासारखं म्हणून काढलंच नव्हतं. मला तीच सगळ्यांत चांगली जमली होती.

आता कागद घेऊन बसले की मी आधी कडेला काय येणार ते बघते, आणि मग काढावंसंच वाटत नाही. बाई पाच चित्रं मागतात. मी कुठून देऊ. पण बाबांनी अण्णाआजोबांचं लाकूड वापरलंय आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात की हे माझ्या मुलीचं. त्यांना कळलं तर फार वाईट वाटेल. म्हणून तू सांगू नकोस.

आजीचा आशीर्वाद. ती म्हणते, ये एकदा. मीही म्हणते.

तुझी,
मुंगी


दि. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. (उत्तम हा शब्द या वेळी राखून ठेवते आहे.)

कौतुकात काही कमी केलं नाही असं तू लिहिलंस. ते खरं आहे. दुसरीकडे कमी केलंस.

तुझ्या लेकीनं मला काय लिहिलं ते मी सांगणार नाही, मी शब्द दिला आहे. मी तुला फक्त धंद्यातला एक प्रश्न विचारते, एका कापणाऱ्यानं दुसऱ्याला विचारावा तसा. अण्णांची अक्रोडाची पट्टी किती लांब आहे ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती माळ्यावर चढवताना खालचं टोक मी धरलं होतं. मुंगीचा कागद किती लांब असतो तेही मला ठाऊक आहे, कारण तो मी पाठवते. तर मग ते चित्र त्या पट्टीत बसलं कसं?

उरलेला कागद कुठे आहे तो शोध. सापडला की उजेडात धरून नीट बघ. तोवर पोरीला रंगपेट्या आणू नकोस, टाळ्या वाजवू नकोस, आणि आईलाही रस्त्यावरून आत घे.

रागावले आहे, पण तुझी ताई असल्यामुळे रागाला काही अर्थ नाही, हे तुलाही माहीत आहे.

ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला आधी रागच आला. उत्तर मनात तयारही केलं होतं की कागदाची कड सरळ नव्हती, काटकोनाचा गुण्या लावला तर तिरकी येत होती, वगैरे. मग पट्टी आठवली. तुझं बरोबर आहे. वरची आणि खालची बाजू चार-चार बोटं कमी पडत होती. अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की आधी चित्र मोजतो, मग लाकूड. मी आधी लाकूड मोजलं.

पेन्सिल पसरू नये म्हणून आपण असं चित्र पालथं घालून मागून कापतो, तसंच केलं. ती कड कोरी असेल असं मी धरून चाललो. का, ते सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहितो. मुंगीनं गुंडाळी आणून दिली तेव्हा मी ती पूर्ण उघडलीच नव्हती. शेवटचा वेढा माझ्या अंगठ्याखाली तसाच राहिला होता. त्याच्या आधीच मी वा म्हणून मोकळा झालो.

जाड कागदाची कात्रणं मी टाकत नाही. दुसऱ्या एखाद्या फ्रेमेत चित्र सैल बसलं की मागून ठासायला ती उपयोगी पडतात. खोकं उपसलं. हे कात्रण त्यात नव्हतं. म्हणजे ते कुणाच्या तरी भिंतीवर होतं.

त्या आठवड्यात माझ्याकडून सात फ्रेमा गेल्या होत्या. मी पक्कड आणि हातोडी पिशवीत टाकून घरोघर निघालो. सांगायचो की खिळ्यांना गंज चढतोय असं आढळलं, एकदा बघून घेतो. दातांच्या डॉक्टरांच्या धबधब्यामागे काही नव्हतं. एका नवरा-बायकोच्या लग्नाच्या फोटोमागे त्यांचीच जुनी पत्रं निघाली, आणि ती एकमेकांना लिहिलेली नव्हती. मी पुठ्ठा परत ठोकून निघून आलो. निवृत्त मुख्याध्यापिकांनी मला बसवून घेतलं, खिळे तपासू दिले आणि शेवटी म्हणाल्या की तीस वर्षांत तू कधी खिळे बघायला आला नाहीस, खरं काय ते सांग. मी खरं सांगितलं. शाळेत कधी मिळाले नव्हते तेवढे मार्क मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, पण कात्रण तिथेही नव्हतं.

सहावी फ्रेम जनावरांच्या डॉक्टरांची. त्यांच्या जुन्या कुत्र्याचा फोटो आहे, दवाखान्यात लावलेला. पुठ्ठा उचलला आणि खालच्या कडेला कात्रण. पालथं होतं. उलटं केलं.

ताई, माझ्या चपला होत्या. उंबऱ्याला लागून, बाहेर तोंड करून. डावीच्या अंगठ्याला तार होती. तारेला अडीच वेढे आणि शेवटचा पीळ उलटा, अण्णा द्यायचे तसा. मी तसा पीळ देतो हे मला स्वतःला माहीत नव्हतं. पोरीनं ते बघून ठेवलं होतं. मी बाकावर बसलो आणि मला रडू आलं. शेजारी मांडीवर मांजर घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना वाटलं माझं जनावर गेलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं की किती वर्षांचं होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी नव्या चपला घेतल्या. तार तुटली आणि तुझ्या भावजयीनं हाताला धरून दुकानात नेलं, यापलीकडे त्यात काही नव्हतं. जुन्या चपला मी कटिंगच्या टेबलाखाली ठेवल्यात, कामाच्या वेळी त्याच घालतो. पण मुंगीनं या सगळ्याचा काय अर्थ लावला असेल, ते आता माझ्या लक्षात येतं आणि मला कुठे तोंड लपवू असं होतं.

आता मी असं ठरवलं आहे की कात्रण अगदी बेमालूम जोडायचं, सागाची नवी मोठी फ्रेम करायची, आणि एका रविवारी सगळ्यांना बोलावून तिच्या हातानं पडदा बाजूला करवायचा. कसं वाटतं ते कळव.

मोठ्या मनानं लोभ ठेव, लहान मनानं मी ठेवलाच आहे.

तुझा,
धाकटा


दि. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (उत्तम परत दिला.)

पडदा नको. साग नको. कुणालाही बोलावू नकोस. तू एकही गोष्ट ठरवू नकोस.

कात्रण तिच्या हातात दे. झालं ते मला लिहिलंस तसंच सांग, गुंडाळीचंसुद्धा. ते सोडू नकोस, तेच महत्त्वाचं आहे. आणि मग गप्प बस. गप्प बसणं तुला जमत नाही, म्हणून कामाच्या वेळी धरतोस तसे ओठांत चार खिळे धर. ती काय म्हणते ते ऐक.

तू पत्रात रडलास ते वाचून मीही कटिंगच्या टेबलावर डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं परत बाह्या चुकल्या.

तुझी,
ताई


दि. २४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

तू बाबांना काही सांगितलं नाहीस हे बाबांनीच सांगितलं. पट्टीची लांबी विचारलीस म्हणे. ते सांगण्यात धरायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

बाबांनी मला दुकानात बोलावलं आणि कात्रण हातात दिलं. मग सगळं सांगितलं. लाकडाचं, पालथं घातल्याचं, आणि मी गुंडाळी आणली तेव्हा ती पूर्ण उघडली नव्हती तेही. नव्या चपलांचंही सांगितलं. मग त्यांनी चार खिळे तोंडात धरले आणि स्टुलावर बसून राहिले. मला वाटलं त्यांचे दात दुखतायत. मी बराच वेळ कात्रणच बघत होते. कुत्र्याच्या फोटोमागे राहून त्याला एक घडी पडली आहे, पण तार नीट आहे. मग मी टेबलाखाली वाकून त्यांच्या पायाकडे बघितलं. जुन्या चपला होत्या, नव्या तारेनं बांधलेल्या. मला एकदम फार बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं. बाबांनाही आलं असावं, पण खिळ्यांमुळे त्यांना ते नीट करता आलं नाही.

मग त्यांनी खिळे काढून एवढंच विचारलं की काय करू या. मी म्हटलं, जोडा, पण रेघ बुजवू नका. बुजवली तर तिथे खोडरबरासारखा डाग दिसेल. आणि अण्णाआजोबांचं लाकूडही राहू दे. ते चार बोटं कमी पडतं तर तेवढं दुसरं लावा. बाबांना ते जड गेलं. दुकानाच्या खिडकीत ठिगळ लावलेली फ्रेम म्हटल्यावर लोक काय म्हणतील, असं ते म्हणणार होते, पण अर्ध्यावर थांबले. त्यांनी वरच्या आणि खालच्या पट्टीला देवदाराचे तुकडे जोडले. लाकूड फिकं आहे, ते ठिगळ लांबूनही दिसतं. ते बरोबर बाबांच्या चपलांच्या वर आलं आहे.

परवा पोस्टमनकाका तुझं पाकीट घेऊन आले. खिडकीपाशी थांबले, मोजलं आणि म्हणाले की अरे, पाच झाले की. बाबा आत गोंद लावत होते. ते उठले, हात पुसले, बाहेर काचेपाशी आले, पूर्ण चित्र बघितलं आणि मग हो म्हणाले.

चित्रशाळेला देण्यासाठी माझी चार चित्रं झाली. एक दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीचं, एक मुख्याध्यापिकाबाईंच्या भिंतीचं, जिथे बाबांनी उगाच नवे खिळे मारलेत. चित्र नेलं की बाबा आता गुंडाळी पूर्ण उघडतात, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवतात आणि इतका वेळ काही बोलत नाहीत की मलाच सांगावं लागतं, आता वा म्हटलंत तरी चालेल.

पाचवं चित्र बाबांच्या नव्या चपलांचं काढायचं ठरवलं होतं. चार दिवस दारात बसून बघितल्या, पण त्यांत अजून काहीच नाही. टाच झिजलेली नाही, अंगठा ताठ आहे, कुणाच्याही असू शकतील. मी बाबांना म्हटलं की त्या अजून तुमच्या झालेल्या नाहीत, थोडं चालायला हवं. तेव्हापासून ते दुकानात जाताना लांबच्या रस्त्यानं जातात. घरी आले की चपला काढतात, उंबऱ्याला लागून, बाहेर तोंड करून, आणि माझ्याकडे बघून विचारतात की झाल्या का. मी वाकून नीट बघते आणि सांगते, अजून नाही.

मग पाचवं मी तुझ्या बाह्यांचं काढते. दोन पाठव. दोन्ही डाव्या.

तुझी,
मुंगी